छातीतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

मुंबई : महिनोन्‌महिने न जाणारा खोकला, दूध पिताना लागणारी धाप किंवा एका बाजूने उंचावलेल्या बरगड्या. अशा तक्रारी घेऊन अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील पालक मुलाला दवाखान्यात नेतात आणि एक्स-रेवर सावली दिसते. मुंबईत क्षयरोग मोठ्या प्रमाणावर असल्याने पहिली शंका त्याचीच येते. ती फिटली की घरात कर्करोगाची धास्ती शिरते. परंतु क्वचित का होईना, मुलांच्या छातीत साध्या गाठीही आढळतात.

तान्ह्या बाळात तर अनेकदा ती गाठही नसते. हृदयाच्या वरच्या बाजूची थायमस ग्रंथी या वयात मोठी असते आणि एक्स-रेवर शिडासारखी दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत या निरोगी ग्रंथीला आजार समजून बालकांवर क्ष-किरणांचे उपचार करण्यात आले. त्यांतील काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे डफी आणि फिट्झगेराल्ड या डॉक्टरांनी १९५० मध्ये निदर्शनास आणले. नसलेल्या आजारावरील उपचारातून खरा आजार जडला!

खऱ्या गाठीचा अंदाज जागेवरून बांधता येतो. पुढच्या भागातील साधी गाठ बहुधा टेराटोमा असते. त्यात चरबी, केस, कधी दातही सापडतात. मागे, कण्यालगत गँग्लिओन्यूरोमा ही मज्जातंतूंची साधी गाठ होते. मात्र न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोगही तेथेच होत असल्याने गाठीचा नमुना तपासावाच लागतो.

सर्वांत फसवी गाठ बरगडीतून उद्भवणारी मेसेन्कायमल हॅमार्टोमा. बहुधा जन्मतः किंवा पहिल्या वर्षात दिसणारी ही गाठ बरगड्या पोखरते. स्कॅनवर ती कर्करोगासारखीच वाटते, पण शरीरात अन्यत्र पसरत नाही. श्वासाला अडथळा नसेल तर काही बाळांवर नुसते लक्ष ठेवूनही भागते. अनेक बरगड्या काढल्यास वाढत्या वयात कणा वाकण्याचा धोका असतो, हेही त्यामागचे कारण.

साधी म्हणजे निर्धोक, असे मात्र नव्हे. मोठी गाठ श्वासनलिका दाबते आणि भूल दिल्यावर हा दाब जिवावर बेतू शकतो. मूल आडवे होताच घुसमटत असेल, बसूनच झोपत असेल, तर स्कॅनच्या टेबलावर निजवण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगायला हवे.

उपनगरांतून परळला वाडिया बाल रुग्णालयात किंवा टाटा स्मारक रुग्णालयात जाताना जुने एक्स-रेही सोबत न्यावेत. सावली किती दिवसांत किती वाढली, हे त्यांवरूनच कळते.