पावसचा पाऊस आणि कपाटातला कॅमेरा

बागायतदार बंधूंनो, आगोटीच्या कामात आपण काय काय झाकतो ते एकदा आठवून बघा. लाकूडफाटा पडवीत येतो, गवताची गंजी झाकली जाते, आमसुले बरणीत जातात. पोह्याचे पापड आणि तळलेले गरे घट्ट झाकणाच्या डब्यात बसतात. फवारणीचा पंप धुऊन, पुसून माळ्यावर चढतो. आणि घरात डीएसएलआर कॅमेरा असला तर? तो आपल्या काळ्या पिशवीत, चेन लावून, लोखंडी कपाटात कपड्यांच्या मागे. गणपतीला काढू म्हणून ठेवलेला. गणपतीला काढावा तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी पसरलेले दिसते.

ती बुरशी. माझ्या कॅमेऱ्याचे असेच झाले म्हणून हे लिहीत आहे. पावस, गोळप, गणेशगुळे या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत असे कॅमेरे बऱ्याच घरांत आले. कोणी मुलाच्या हट्टापायी घेतला, कोणी मुंबईच्या भावाकडून आणला, कोणी लग्नाच्या ऑर्डरी मिळतील या आशेने कर्ज काढून घेतला. त्यातले आज चालू किती आणि कपाटात किती, हे ज्याने त्याने आपल्या घरी उघडून बघावे.

मी माझा २०१२ च्या मे महिन्यात घेतला, हंगामाचे पैसे हातात आल्यावर. तेव्हाच्या भावाने वीस-पंचवीस पेट्यांचे पैसे त्यात गेले. आई म्हणाली, "विहिरीवरचा पंप बदलायला पैसे नाहीत नि फोटो काढायला आहेत होय रे?" दोन दिवस घरात अबोला. तिचे चुकत नव्हते. पण गाव मी फक्त डोळ्यांनी बघत आलो होतो, ते कुठेतरी साठवावे असे फार दिवस मनात होते.

ज्यांच्याकडे हा कॅमेरा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डीएसएलआर म्हणजे ज्यात आतल्या आरशामुळे, डोळा लावला की, लेन्समधून येणारे खरेखुरे दृश्य दिसते आणि ज्याची लेन्स बदलता येते असा कॅमेरा. पूर्वी तो छापखानेवाले, स्टुडिओवाले यांच्याच हातात असे. २००३ मध्ये कॅननने ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा अमेरिकेत हजार डॉलरच्या आत विकायला आणला, तेव्हापासून तो सामान्य माणसाच्या आवाक्याकडे येऊ लागला. पुढे निकॉनचे डी३१००, डी३२००, कॅननचे ११००डी, १२००डी असे होत होत २०१८ मध्ये कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५०० आला. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. त्यानंतर या दोन्ही कंपन्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या. २०२० नंतर त्यांनी या खालच्या किमतीत नवा डीएसएलआर काढलेला नाही. म्हणून जुने कॅमेरे आज स्वस्तात फिरत आहेत, आणि "भाऊ, घेऊ काय?" असे विचारणारी पोरे दर आठवड्याला भेटतात.

तर आधी बुरशीचे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलै-ऑगस्टात हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. बुरशीला दमट, अंधारी आणि वारा नसलेली जागा लागते, आणि आपले कपाट म्हणजे नेमके तेच. त्यात ती जाड अस्तराची पिशवी. अस्तर ओल धरून ठेवते. म्हणजे ज्या पिशवीत कॅमेरा जपून ठेवला असे आपल्याला वाटते, तीच त्याला खाते. लेन्सच्या काचांवर पातळ लेप असतो. बुरशी वाढली की तिच्यातल्या आम्लाने तो लेप खरवडला जातो. सुरुवातीला कारागिराने लेन्स उघडून पुसली तर भागते. लेप गेल्यावर पुसूनही डाग राहतोच.

माझ्या लेन्सचे तसेच झाले. कारागिराने उघडली, पुसली, आणि म्हणाला, "काका, आता उजेड समोरून आला की फोटो धुरकट येईल. दुसरी घेतलीत तर बरं." विशेष म्हणजे त्याच पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका पोराचा कॅमेरा माझ्याहून दुप्पट भिजला, घामेजला, बाजारपेठेत नि मांडवांत फिरला, आणि त्याच्या लेन्सला काही झाले नाही. का? तो रोज वापरत होता. रोज पिशवीतून बाहेर, रोज वारा, रोज उजेड. माझा चार महिने कपाटात होता. आपल्या हवेत कॅमेरा वापरून खराब होतो त्यापेक्षा न वापरून जास्त खराब होतो, हे मला तेव्हा उमगले. लेन्स गेल्यावर.

या पोराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयटीआय झालेला, नोकरी नाही, घरची कलमे थोडी. त्याने सेकंडहँड १५००डी घेतला आणि सोबत ५० मिमी १.८ ही छोटी लेन्स. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या लेन्सपेक्षा ही लेन्स, ५० मिमीवर, सुमारे नऊ-दहा पट जास्त उजेड आत घेते. आपल्या माजघरात, देवघरात, सप्ताहाच्या मांडवात उजेड असतो किती? त्यामुळे फ्लॅश न मारता त्याचे फोटो येतात आणि म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पांढरे पडत नाहीत. तो म्हणतो, "काका, बॉडीवर पैसे घालू नका, लेन्सवर घाला." लग्नाच्या ऑर्डरी त्याला मिळतात, पण तेवढ्यावर घर चालत नाही हेही तोच सांगतो. ऑर्डर मेपर्यंत. पुढे पावसात चार महिने हात रिकामे, आणि कर्जाचा हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही. तेव्हा पोराने कॅमेऱ्यासाठी कर्ज काढतो म्हटले तर त्या चार महिन्यांचा हिशोब आधी मांडायला लावा.

आता बागेचे. फुलकिडीने (आपण थ्रिप्सच म्हणतो) आपला किती मोहोर खाल्ला हे मी तुम्हाला सांगायला नको. कीड जेमतेम एक मिलिमीटरची. झाडाखाली उभे राहून "काळं पडलंय, बहुतेक थ्रिप्स" असे म्हणून आपण औषध मारतो, आणि ते कधी तुडतुडे निघतात, कधी भुरी. साध्या १८-५५ च्या लेन्सने ५५ वर लावून, जेमतेम वीतभर अंतरावरून पालवीचा फोटो काढा आणि घरी येऊन मोठा करून बघा. कीड ओळखण्याइतकी दिसते. लेन्स उलटी बसवायची एक कडी थोडक्या पैशांत मिळते, तिने आणखी मोठी दिसते. मात्र झाडाखाली वारा असताना जमत नाही. सकाळी सातच्या आत जा, नाहीतर डहाळी खुडून ओटीवर आणा. असा फोटो कृषी सहायकांना किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना दाखवला की बोलणे नेमके होते. औषधाची एक चुकीची फवारणी वाचली तरी कडीचे पैसे सुटले.

तुम्ही म्हणाल, आताच्या मोबाइलनेही हे होते. होते, बरेचसे होते. पण एप्रिलच्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर आपलेच तोंड दिसते, चित्र दिसत नाही. डीएसएलआरला डोळा लावला की ऊन आड येत नाही. चाळिशी लागलेल्यांसाठी डोळ्याच्या खिडकीजवळ एक बारीक चाक असते, ते फिरवून आपल्या नजरेपुरते स्पष्ट करून घेता येते. मला हे चाक चार वर्षांनी कळले. तोवर कॅमेरा बिघडला असे समजून मी दुकानदाराशी भांडत होतो. आणि बॅटरी! पडदा बंद ठेवून डोळ्याने बघत काढले तर डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो काढतो. पावसात आपल्याकडे वीज कशी असते ते आपण जाणताच.

वादळातल्या फोटोंची मात्र एक अडचण आहे, आणि ती ग्रामसेवक-तलाठी मंडळींनीही ऐकावी. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले. तयार आंबा जमिनीवर आणि कलमे आडवी. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा काढला आणि झाडन् झाड टिपले. वाटेवर पडलेली दोन कलमे त्याला लगेच तोडून बाजूला करावी लागली, गुरे-माणसे जायची कशी? पंचनाम्याला मंडळी आली तेव्हा ती दोन झाडे जागेवर नव्हती. त्याने फोटो दाखवले. फोटोत झाड स्वच्छ दिसत होते, पण त्यावरची तारीख काही वर्षांपूर्वीची. कॅमेरा कित्येक महिने बॅटरीशिवाय पडून होता, आतले घड्याळ मागे गेले होते, आणि बॅटरी घातल्यावर कॅमेऱ्याने तारीख विचारली ती त्याने घाईत बाजूला सारली होती. चूक त्याचीच. शेवटी बुंधे दाखवून आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावर निभावले. तो आठवडा त्याला झोप नव्हती.

म्हणून बॅटरी घातली की पहिले काम तारीख-वेळ बघण्याचे. दुसरे असे की आपल्याकडच्या बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये जागेची नोंद करणारे जीपीएस नसते. नुकसानीच्या कामाला मोबाइलवरून जागा-वेळेसह काढलेला फोटो लागतो, तो वेगळा काढाच. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी तर मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच करायची असते, तिथे मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो कितीही सुंदर असला तरी चालत नाही. डीएसएलआरचा फोटो जोडीला ठेवा. पडलेल्या झाडाचा बुंधा, कलमाचा जोड, शेजारचा गडगा हे त्यात जितके स्पष्ट येते तितके इतरत्र येत नाही.

आणखी एका कामासाठी मला हा कॅमेरा मोबाइलपेक्षा उजवा वाटतो. सड्यावरची कातळशिल्पे. कशेळीचा तो प्रचंड हत्ती आपल्यापैकी अनेकांनी बघितला असेल. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. त्यांची खोदाई काही ठिकाणी इतकी उथळ असते की भर दुपारी पायाखाली असूनही दिसत नाही. ऊन तिरपे असताना, सकाळी किंवा दिवस मावळायच्या आधी, रेघांत सावली भरते आणि आकृती उठून येते. शेजारी पट्टी ठेवून, चारी बाजूंनी फोटो काढावेत. रेघांवर पाय देऊ नये, खडूने रंगवू नये. ज्या गावाच्या सड्यावर काही खोदलेले आढळले त्या ग्रामपंचायतीने असे फोटो दप्तरी ठेवावेत. चिऱ्याची खाण आणि रस्त्याचे काम कोणाची वाट बघत नाही, आणि नंतर "इथे काहीतरी होतं हो" एवढेच सांगायला उरते. गावात कॅमेरा असलेला पोरगा असेलच, त्याला चहा-पोह्यांवर बोलवा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक करावे. विकणाऱ्याच्या घरात लेन्स काढून एका बाजूने बॅटरी मारावी आणि दुसऱ्या बाजूने बघावे. धागे, ठिपके, ढगाळपणा दिसला की उठावे, भाव कमी केला तरी. विकणारा समुद्राकाठचा असेल तर दोनदा बघावे. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजलेले असतात. निकॉनच्या डी३००० पासून डी३५०० पर्यंतच्या मालिकेत फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नसते. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर फोकस हातानेच करायचा, ही तयारी हवी. रत्नागिरीतल्या एसीच्या दुकानातून किंवा गाडीतून उतरल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड काचेवर आपल्या हवेतले पाणी लगेच धरते. अर्धा तास जाऊ द्या. गणेशगुळ्याच्या वाळूत लेन्स बदलायला जाऊ नका, हे तर सांगायलाच नको.

राहिला पावसाळा. यासाठी हजारो रुपयांचे विजेचे कपाट मिळते, पण वीज चार-चार तास नसली की त्याचा उपयोग किती हा प्रश्नच आहे. आमच्याकडे गेली काही वर्षे साधी पद्धत आहे. रबर लावलेल्या झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, आपण गरे ठेवतो तसाच. त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि दमटपणा दाखवणारे छोटे मीटर. मीटर ४० ते ५० च्या दरम्यान राहिले की ठीक. साठच्या वर चढू लागले की जेल बदलायची. निळी जेल ओल पिऊन गुलाबी होते, पण तिच्या रंगातले रसायन विषारी असते, तेव्हा भगव्या रंगाची, ओलीने हिरवट होणारी घ्या. मंद आचेवर तापवली की ती पुन्हा कोरडी होते. मात्र त्या कढईत परत भाजी करू नका. तांदूळ घालून ठेवायची युक्ती काही जण सांगतात. त्याची पूड लेन्समध्ये जाते, मी करून बघितले आहे. काळी पिशवी डब्यात घालायची नाही, ती बाहेरच टांगायची.

आणि दर रविवारी उघडीप मिळाली की कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो. आमच्या आईने आता हे काम स्वतःकडे घेतलेन. पापडाचे डबे बघायला उठते तेव्हा कॅमेऱ्याचाही बघते, आणि आतूनच हाक मारते, "अरे, तुझा काटा पंचावन्नावर गेलाय हो!"