सोळा तारखेपासूनची घरपट्टी

न्यू जर्सीत घर बघायला निघालेलं जोडपं घासाघीस करतं ती किमतीवर, पण बिचकतं ते प्रॉपर्टी टॅक्सच्या आकड्याला. एडिसनच्या आसपास वर्षाला दहा-बारा हजार डॉलर घरपट्टी ही बड्या बंगल्यांची गोष्ट नाही, साध्या तीन-चार बेडरूमच्या घराची आहे. साऱ्या राज्याची सरासरीच आता दहा हजारांच्या पुढे गेली आहे. आकडा ऐकून चेहरे उतरले की घर दाखवणारा एजंट ठेवणीतलं वाक्य काढतो: काळजी कशाला, टॅक्समधून वजा होतो की! वाक्य खोटं नाही. पण ते खरं किती, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत आलंय. २०१६ साली घर घेतलेल्या मित्राने दिलेला सल्ला २०१९ साली घर घेणाऱ्याच्या काहीच कामाचा नव्हता.

ही वजावट अमेरिकी आयकराइतकीच जुनी. यादवी युद्धाचा खर्च भागवायला वॉशिंग्टनने आयकर बसवला तेव्हा, १८६२च्या कायद्यातही, राज्याचे आणि गावचे कर वजा करायला मुभा होती. तो आयकर १८७२ मध्ये संपला. १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने तो परत आणला आणि त्या वर्षीच्या कायद्यात राज्य, काउंटी, शाळा आणि नगरपालिकेचे कर वजा करण्याची सोय पुन्हा आली. विचार सरळ होता: जो पैसा गावाने सक्तीने नेला, तो तुमच्या हातात राहिलाच नाही, त्यावर वॉशिंग्टनने पुन्हा कर कसा लावायचा? अपवाद एकच. घरासमोर नवा फुटपाथ घातला, गटार टाकलं आणि त्याचे पैसे फक्त त्या गल्लीतल्या घरांकडून घेतले, तर ते वजा होत नाहीत, कारण त्यातून तुमच्याच घराची किंमत वाढते. हा अपवाद आजही लागू आहे. बिलावर कचरा उचलण्याचं किंवा सांडपाण्याचं शुल्क वेगळं लावलेलं असेल, तर तेही कर म्हणून धरता येत नाही.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला ही कल्पनाच नवी असते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराची घरपट्टी भरून आयकरात काही मिळत नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून मात्र मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर वजा होतो. अमेरिकेने राहत्या घरालाही ही सवलत दिली. १९१३ साली तिचा फारसा गाजावाजा झाला नाही, कारण पहिले तीन हजार डॉलर करमुक्त होते, विवाहितांना चार हजार, आणि त्यापुढे कमावणारे होते तरी किती!

खरी भानगड घर विकत घेतलेल्या वर्षाची. घराचा मालक वर्षाच्या मध्यात बदलतो, कर मात्र अख्ख्या वर्षाचा असतो. मग वजावट कोणाची? हा वाद मेरीलँडमधल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मॅग्रुडर विरुद्ध सप्ली, १९४२. मधल्या तारखेला घर घेताना खरेदीदार आणि विक्रेत्याने वर्षाचा कर आपसात वाटून घेतला होता, आणि आपल्या वाट्याचा कर वजा मिळावा अशी खरेदीदाराची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. व्यवहाराच्या आधीच त्या कराचा बोजा मिळकतीवर चढला होता, म्हणजे देणं विक्रेत्याचं होतं. खरेदीदाराने ते भरलं असेल तर ती घराच्या किमतीचीच भर. कायद्याच्या भाषेत निकाल बिनचूक असेल, पण बोजा कोणत्या तारखेला चढतो हे प्रत्येक राज्यात वेगळं. एकाच दिवशी दोन राज्यांत दोघांनी घर घेतलं तर एकाला वजावट, दुसऱ्याला ठेंगा.

१९५४ साली आयकराची संहिता नव्याने लिहिली गेली तेव्हा काँग्रेसने हा गुंता दिवसांच्या मोजणीने सोडवला. विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंतचा कर विक्रेत्याचा, विक्रीच्या दिवसापासून पुढचा खरेदीदाराचा. चेक कोणी फाडला याला महत्त्व नाही, बोजा कधी चढला यालाही नाही. माझ्या मते साऱ्या आयकर कायद्यात इतकं शहाणं वाक्य क्वचितच सापडेल.

उदाहरण घ्या. वर्षाची घरपट्टी १०,९५० डॉलर, म्हणजे दिवसाला बरोबर ३०. क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस, १६ सप्टेंबरला. १५ तारखेपर्यंतचे २५८ दिवस विक्रेत्याचे, ७,७४० डॉलर. सोळापासून ३१ डिसेंबरपर्यंतचे १०७ दिवस तुमचे, ३,२१० डॉलर. न्यू जर्सीत घरपट्टी तिमाहीने भरतात: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. ऑगस्टचा हप्ता विक्रेत्याने सप्टेंबरअखेरपर्यंतचा भरून टाकलेला असतो. म्हणून क्लोजिंगच्या टेबलावर, सह्यांच्या त्या जाडजूड गठ्ठ्यात, तुमच्या नावावर १५ दिवसांचे ४५० डॉलर चढतात आणि ते विक्रेत्याला मिळतात. हे ४५० म्हणजे तुम्ही भरलेला प्रॉपर्टी टॅक्सच. उलट विक्रेत्याने कर थकवला असेल आणि घर पदरात पाडून घ्यायला तुम्ही त्याची जुनी बाकी भरली, तर ती वजा होत नाही. ती घराच्या किमतीत मिळवायची, पुढे कधी घर विकाल तेव्हा नफ्यातून निघेल.

गंमत म्हणजे बँक जानेवारीत जो १०९८ फॉर्म पाठवते, त्यात हे ४५० सहसा नसतात. बँकेला माहीत असतं ते फक्त तिने स्वतः एस्क्रो खात्यातून गावाला भरलेलं. आणि एस्क्रोचीही एक खोच आहे: दर महिन्याच्या हप्त्याबरोबर तुम्ही त्या खात्यात टाकता ती रक्कम वजा होत नाही, बँकेने त्यातून गावाला पोचवली तीच होते. पहिल्या वर्षी दोन्हींत चांगलीच तफावत असते, कारण क्लोजिंगलाच काही महिन्यांची रक्कम आगाऊ भरून घेतात. न्यू जर्सीत नव्या बांधकामाच्या घराला आणखी एक झटका असतो. सुरुवातीची बिलं नुसत्या जमिनीची, आणि मग ऑक्टोबरमध्ये उभ्या घराची वाढीव आकारणी येऊन पडते, भरायची १ नोव्हेंबरला. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर येणारं ‘सप्लिमेंटल’ बिल याच जातीचं. किमतीवर आकारलेला कर आहे, तेव्हा वजा होतो; पण ते बिल बऱ्याचदा बँकेकडे न जाता थेट घरमालकाकडे येतं आणि रिटर्न भरताना विसरलं जातं.

तारखेचा प्रश्न १९५४ ने मिटवला. पण वजावटीला आतून पोखरणारी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीच आली होती, आणि तीही सवलत म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धात आयकर कोट्यवधी पगारदारांपर्यंत पोचला. प्रत्येकाच्या पावत्या कोण तपासणार? म्हणून १९४४ मध्ये स्टँडर्ड डिडक्शन आलं: उत्पन्नाच्या दहा टक्के, कमाल पाचशे डॉलर, पावत्या न दाखवता. तेव्हापासून घरपट्टीची वजावट आपोआप मिळत नाही. व्याज, घरपट्टी, राज्याचा आयकर आणि देणग्या यांची बेरीज स्टँडर्डच्या वर गेली, तरच तिचा उपयोग. एजंटच्या वाक्यातला हा ‘तरच’ कोणी मोठ्याने म्हणत नाही.

१९५४ नंतरची तीसेक वर्षं छाटणीची. १९६४ मध्ये सिगारेटवरचा कर आणि ड्रायव्हिंग लायसन्सची फी यांसारख्या बाबी गेल्या, १९७८ मध्ये पेट्रोलवरचा राज्याचा कर गेला. घरपट्टी टिकली. रेगन यांनी १९८५ मध्ये राज्य आणि स्थानिक करांची वजावट मुळातूनच उपटायचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युमो यांच्यासारखे लोक उभे ठाकले. १९८६च्या कायद्यात तडजोड झाली: विक्रीकराचा बळी गेला, घरपट्टी आणि आयकर वाचले. विक्रीकरही २००४ मध्ये मागच्या दाराने परतला, आयकराऐवजी निवडायचा पर्याय म्हणून. टेक्सास, फ्लोरिडासारख्या आयकर नसलेल्या राज्यांची त्यात सोय झाली.

१९६५च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या मराठी इंजिनिअर-डॉक्टरांनी घरं घेतली ती या छाटणीतून वाचलेल्या सवलतीच्या भरवशावर. व्याजदर चढे, स्टँडर्ड डिडक्शन लहान. घर घेतलं की बेरीज सहज ओलांडली जायची. तेव्हा एजंटचं वाक्य खऱ्याच्या सर्वांत जवळ होतं. फक्त बऱ्या पगाराच्या जोडप्यांना एएमटी नावाचा समांतर हिशेब गाठायचा. त्यात घरपट्टी धरलीच जात नाही, आणि दोन हिशेबांतला जास्तीचा कर भरायचा असतो. न्यू जर्सी-न्यूयॉर्कमधली दोन पगारांची कितीतरी कुटुंबं त्यात अडकलेली होती. कागदावर वजावट वीस हजारांची, हातात त्याचा तुकडा. २०१७ नंतर ज्यांनी ‘आमची वजावट गेली’ म्हणून आकाशपाताळ एक केलं, त्यांतल्या काहींना ती पुरती कधी मिळालीच नव्हती. जुनी रिटर्नं काढून बघितली असती तर राग निम्मा झाला असता.

२२ डिसेंबर २०१७, शुक्रवार. ट्रम्प यांनी नव्या करकायद्यावर सही केली. २०१८ पासून घरपट्टी आणि राज्याचा आयकर मिळून वजावट कमाल दहा हजार. एकट्याला दहा आणि नवरा-बायकोलाही दहाच. लग्न न करता एकत्र घर घेतलेल्या दोघांना मात्र प्रत्येकी दहा. राज्याचा २०१८ चा आयकर आगाऊ भरून २०१७ मध्ये वजा करायची पळवाट कायद्यानेच बुजवली होती. घरपट्टीबद्दल मात्र तो गप्प होता. मग काय विचारता! नाताळच्या आठवड्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या टाउन हॉलमध्ये रांगा लागल्या. आयुष्यात कधी मुदतीआधी कर न भरलेली माणसं चेकबुक घेऊन उभी, पुढच्या वर्षाची घरपट्टी आजच घ्या म्हणून विनवत. दोन्ही राज्यांच्या गव्हर्नरांनी असे पैसे स्वीकारण्याचे आदेश काढले. आणि २७ तारखेला, लोक रांगेत असतानाच, आयआरएसने, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याने, खुलासा केला: २०१७ मध्ये भरलाही पाहिजे आणि त्याच वर्षात आकारलेलाही पाहिजे. नुसत्या अंदाजाने भरलेला चालणार नाही.

न्यू जर्सीवाल्यांना यात थोडी वाट सापडली, कारण इथल्या उन्हाळी बिलावर पुढच्या वर्षाचे पहिले दोन हप्तेही छापलेले असतात, आदल्या वर्षाच्या निम्म्या रकमेचे. निदान बिल हातात होतं. ज्यांनी चारही हप्ते भरले, त्यांचे शेवटचे दोन गावाच्या तिजोरीत नुसतेच बिनव्याजी पडून राहिले.

दहा हजारांच्या मर्यादेइतकाच मोठा घाव स्टँडर्ड डिडक्शनने घातला. ते जवळजवळ दुप्पट होऊन जोडप्याला २४ हजार झालं. आता गणित करा: घरपट्टी आणि राज्याचा कर मिळून धरायचे दहा. चार लाखांच्या कर्जावर चार टक्क्यांनी व्याज सोळा. बेरीज २६. म्हणजे एवढा घराचा संसार मांडून स्टँडर्डपेक्षा जास्त मिळाले ते दोन हजार, त्यावर वाचलेला कर चार-पाचशे डॉलर. सप्टेंबरात घर घेतलं तर पहिल्या वर्षी तेवढंही नाही, कारण व्याज साडेतीन महिन्यांचंच. देशात २०१७ पर्यंत साधारण ३० टक्के लोक खर्च दाखवून वजावट घेत. पुढच्याच वर्षी ते प्रमाण दहाच्या आसपास आलं.

त्याच कायद्यात एक ओळ फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही: परदेशातल्या स्थावर मालमत्तेवरचा कर वैयक्तिक वजावटीत धरायचा नाही. त्याआधी कोथरूडच्या बंद फ्लॅटची महापालिकेची पावती अमेरिकी रिटर्नात चालत होती. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ती आजही त्या भाड्यासमोर खर्च म्हणून चालते. कुलूप लावून ठेवला असेल तर नाही.

राज्यांनी धडपड केली. न्यू जर्सीने २०१८ मध्ये घरपट्टी ‘देणगी’ म्हणून भरायची शक्कल लढवली. आयआरएसने २०१९ च्या नियमांनी ती निकालात काढली. मर्यादेविरुद्ध चार राज्यांनी मिळून केलेला खटला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारातूनच परत आला. मार्ग मोकळा झाला तो धंदेवाल्यांना: भागीदारी संस्थेने स्वतःच राज्याचा कर भरायचा, म्हणजे मर्यादा लागत नाही. पगारदार होता तिथेच. एक दिलासा राज्याने आपल्या हिशेबात दिला: न्यू जर्सीच्या रिटर्नावर घरपट्टीची वजावट दहावरून पंधरा हजार झाली.

४ जुलै २०२५ ला पुन्हा ट्रम्प यांचीच सही. मर्यादा दहाची चाळीस हजार, आणि तीही २०२५ या वर्षापासूनच लागू. न्यूयॉर्क, न्यू जर्सीचे काही रिपब्लिकन खासदार अडून बसले नसते तर एवढी वाढ झाली नसती. २०२५ साली स्टँडर्ड जोडप्याला ३१,५०० होतं. पण साडेसहा टक्क्यांच्या व्याजाने घेतलेल्या कर्जात ते ओलांडायला आता वेळ लागत नाही. उत्पन्न साधारण पाच लाखांवर गेलं की मर्यादा वरच्या रकमेच्या ३० टक्क्यांनी उतरू लागते आणि सहा लाखांच्या आसपास पुन्हा दहा हजारांवर टेकते. हडसनच्या दोन्ही तीरांवरच्या डॉक्टर जोडप्यांना त्यामुळे नव्या कायद्याचं फारसं कौतुक नाही. मर्यादा दरवर्षी एक टक्क्याने वाढत २०२९ पर्यंत जाईल आणि २०३० मध्ये सर्वांसाठीच दहा हजारांवर येईल. यंदा घर घेणाऱ्याचं कर्ज तोवर पंचवीसेक वर्षं फेडायचं राहिलेलं असेल.