तारेखालच्या शेताचा हिशेब

गुरुग्रामच्या सेक्टर 29 मध्ये ‘सौदामिनी’ नावाची एक इमारत आहे. आंतरराज्य वीजवाहिन्यांचे मोठे जाळे उभारणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या पॉवरग्रिड महामंडळाचे हे मुख्यालय. संध्याकाळी या भागात खाण्यापिण्यासाठी गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष तिच्याकडे जाते. मीही त्याच गर्दीतला. आमच्यासाठी वीज म्हणजे भिंतीवरचे बटण आणि ते निकामी झालेच तर तळघरातले डिझेल जनित्र.

30 जुलै 2012 च्या पहाटे हा समज पहिल्यांदा हादरला. उत्तरेची ग्रिड कोसळली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत पूर्व आणि ईशान्येचीही. सुमारे 60 कोटी लोक अंधारात गेले. आमच्या वसाहतीत जनित्रे धूर ओकत राहिली. पुढे त्यांचेही डिझेल संपत आले. नंतर कळले की देशात विजेचा दुष्काळ नव्हता. पश्चिमेकडे वीज होती, उत्तरेत मागणी होती. पण दोहोंना जोडणाऱ्या मार्गांवर आधीच ताण होता आणि बिना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडताच सारा डोलारा ढासळला. वीज होती, वाट नव्हती.

तोच धडा आज नव्या रूपात समोर आला आहे. 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमता उभारण्याची घोषणा भारताने 2021 मध्ये ग्लासगो येथे केली. त्यासाठीच्या पारेषण जाळ्याचा सुमारे 2 लाख 44 हजार कोटी रुपयांचा आराखडा केंद्रीय वीज प्राधिकरणाने डिसेंबर 2022 मध्ये मांडला. अडचण वेळेच्या गणिताची आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. मोठ्या वाहिनीला त्याच्या दुप्पट काळही लागतो. म्हणूनच राजस्थानात भर दुपारी, ऊन ओसंडत असताना, काही सौर प्रकल्पांना उत्पादन कमी करण्यास सांगावे लागते.

नव्या वाहिन्यांचे आकडे छाती दडपवणारे आहेत. लडाखमधील पांगपासून हरयाणातील कैथलपर्यंत येणारी 713 किलोमीटरची वाहिनी 13 गिगावॉटच्या प्रकल्पासाठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. कच्छमधील खावडा ते नागपूर ही 800 केव्हीची वाहिनी 6 हजार मेगावॉट वीज सुमारे 1200 किलोमीटर वाहून नेणार आहे. या दोन्ही प्रकल्पांत लांबचा टप्पा उच्चदाब एकदिश प्रवाहाने पार केला जातो. त्यात गळती कमी होते आणि तितक्याच विजेसाठी जागाही कमी लागते. मात्र अशा वाहिनीतून वाटेत कुठेही वीज काढून घेता येत नाही. ती घ्यायची तर खर्चिक रूपांतरण केंद्र हवे, म्हणून ती केंद्रे बहुधा दोन टोकांनाच असतात. मधल्या गावांच्या वाट्याला येतात ते फक्त मनोरे आणि तारा.

या गावांशी आपण अजूनही 1885 च्या तार कायद्याच्या भाषेत बोलतो. 2003 च्या वीज कायद्यातील कलम 164 नुसार त्या जुन्या कायद्याचे अधिकार पारेषण कंपनीला देता येतात. जमीन संपादित होत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. पण तारांखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही आणि उंच झाडे लावता येत नाहीत. केंद्राने जून 2024 मध्ये मनोऱ्याच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या 200 टक्के, तर तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे दिली. 2015 च्या 85 आणि 15 टक्क्यांच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. मार्च 2025 मध्ये महानगरांतील पट्ट्यासाठीचा दर 60 टक्के झाला. ग्रामीण भागासाठी तो 30 टक्केच राहिला. तार तीच, बंधने तीच. पण गुरुग्रामच्या वेशीवरची जमीन एका मापाने मोजली जाते आणि वर्ध्याकडच्या खेड्यातली दुसऱ्या.

याहून मोठी उणीव मला वेगळीच वाटते. पारेषण वाहिन्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेबाहेर आहेत. त्यामुळे त्या अधिसूचनेखालील जनसुनावणीही त्यांना लागू नाही. मार्ग आधी ठरतो, निविदा निघते आणि गावाला वाहिनीची खरी ओळख होते ती पायाचे खड्डे खणताना.

सर्वांना विचारत बसलो तर हवामान बदल थांबून राहील काय, हा आक्षेप खोटा नाही. पण न विचारल्याने वेळ वाचतो, असा अनुभव नाही. माळढोकच्या अधिवासातील वाहिन्यांचा प्रश्न नियोजनात सुटला नाही, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 2021 चा वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश 2024 मध्ये शिथिल होईपर्यंत अनेक प्रकल्प तीन वर्षे अनिश्चिततेत राहिले. विलंब टळत नाही. तो फक्त नकाशावरून शेतात आणि शेतातून कोर्टात जातो.

म्हणून निविदेपूर्वीच पर्यायी मार्ग ग्रामसभांपुढे मांडावेत आणि एकरकमी भरपाईऐवजी वाहिनी चालू असेपर्यंत वार्षिक भाडे स्वीकारण्याचा पर्याय शेतकऱ्याला द्यावा. हा खर्च अखेर माझ्यासारख्या ग्राहकाच्या बिलात येईल, आणि तो यायलाच हवा. डिझेलच्या धुरासाठी आम्ही कुरकुर न करता पैसे मोजले आहेत. ज्याच्या शेतावरून आमचा उजेड जातो, त्याचे देणे त्याहून आधीचे आहे.