कॉमिक सॅन्स

मुलांनो, निमंत्रणपत्रिकेवर किंवा शाळेच्या सूचनाफलकावर एक इंग्रजी अक्षर तुम्ही पाहिले असेल. त्याच्या रेघा जाड, गोलसर आणि किंचित वाकड्या असतात. कोणीतरी स्केचपेनने लिहिले आहे असे वाटते. पण ते संगणकातील असते. अक्षरांच्या अशा ठरावीक वळणाला फाँट म्हणतात. या फाँटचे नाव कॉमिक सॅन्स.

त्याचा जन्म एका कुत्र्यामुळे झाला! १९९४ साली व्हिन्सेंट कॉनेअर हे अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीत अक्षरे तयार करण्याचे काम करीत होते. नवशिक्यांसाठी कंपनी 'बॉब' नावाची आज्ञावली बनवत होती. तिच्यात रोव्हर नावाचा कुत्रा येई आणि त्याचे बोलणे फुग्यात उमटे. ते शब्द होते टाइम्स न्यू रोमन या वर्तमानपत्री फाँटमध्ये. चित्र गमतीदार आणि बोलणे वकिलाच्या नोटिशीसारखे! कॉनेअर यांना हे पटले नाही. त्यांनी चित्रकथांच्या पुस्तकांतील हाताने लिहिलेली अक्षरे न्याहाळली आणि तशी नवी अक्षरे काढली. 'बॉब'साठी ती वेळेवर तयार झाली नाहीत. पण पुढे विंडोजच्या जोडीने घरोघरी पोहोचली.

फ्रेंच भाषेत 'सॅन्स' म्हणजे शिवाय. उर्दूत तुम्ही 'बगैर' म्हणता तेच. या अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा नसतात. मोठ्या 'आय'ला मात्र त्या आहेत, म्हणून तो लहान 'एल'हून वेगळा दिसतो. लहान 'ए' तर तुम्ही वहीत काढता तसाच आहे. त्यामुळे शिक्षकांना हा फाँट आवडतो. काही हुशार मुलांनाही छापील अक्षरे ओळखताना फार त्रास होतो; या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. अशा वाचकांसाठी ब्रिटनमधील डिस्लेक्सिया संस्थेने सुचवलेल्या फाँटांत कॉमिक सॅन्सही आहे. या फाँटला हसणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

हाताच्या वळणाचे छापील अक्षर तुम्हांला नवे नाही. तुमच्या उर्दू पुस्तकातील नस्तालीक ही कातिबांच्या लेखणीचीच देणगी आहे. पण नस्तालीक वर्षानुवर्षे घोटलेले, भारदस्त अक्षर. कॉमिक सॅन्स गप्पा मारणारे. म्हणून शोकपत्रात किंवा औषधाच्या सूचनेत ते खटकते. अमेरिकेत तर त्यावर बंदी घाला, अशी मोहीमच निघाली.

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाच्या शोधाची घोषणा झाली. फाबिओला जिआनोत्ती यांनी पडद्यावर दाखवलेला मजकूर कॉमिक सॅन्समध्ये होता. लोक शोध सोडून अक्षरांवरच बोलू लागले! पुढे २०१४ मध्ये सर्नने जाहीर केले, "यापुढे आमचा सारा मजकूर कॉमिक सॅन्समध्ये येईल." त्या दिवशी तारीख होती १ एप्रिल.