दोन मॉनिटर, एकच रंग
डिझाइन आणि छपाईचं दुकान टाकताय? मग एक मॉनिटर तुमच्यासमोर आणि दुसरा ग्राहकाकडे वळवलेला असणार. ग्राहक त्याच्या स्क्रीनवरचा मरून बघून ‘ओके’ म्हणतो. तुमच्या स्क्रीनवर तोच रंग विटकरी दिसत असेल, तर छापलेल्या पत्रिका परत येतात आणि कागदाचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

म्हणून असं करा. दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, मग फॅक्टरी रीसेट करा. नाइट लाइट, इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. कलर टेम्परेचर दोन्हीकडे ६५०० केल्विन. आता दोन्हींवर कोरं पांढरं पान उघडा. जो जास्त उजळ आहे, त्याचा ब्राइटनेस कमी करून दुसऱ्याच्या बरोबरीला आणा. तरीही एक निळसर वाटला, तर त्याच्या मेनूत यूजर कलरमध्ये निळा थोडा कमी करा. पिवळट वाटला, तर लाल आणि हिरवा थोडे उतरवा. पांढरा जुळला की बाकीचे रंग बरेच जवळ येतात.

याहून अचूक हवं असेल, तर कलरीमीटर वापरा. ते स्क्रीनवर टेकवलं की प्रत्येक मॉनिटरचं वेगळं प्रोफाइल बनतं. टीएन आणि आयपीएस पॅनल मात्र पूर्ण जुळत नाहीत, म्हणून शक्यतो एकाच मॉडेलचे दोन घ्या.

आणि मोठ्या ऑर्डरला एक प्रूफ छापून त्यावर सही घ्याच. शेवटी ग्राहक पैसे कागदावरच्या रंगाचे देतो.