'लॉयल्टी' जहाज : १:१०० मध्ये

सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव आपण नेहमी ऐकतो. पण सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद समुद्रात कसे उतरले, हे ठाऊक आहे? जहाजधंद्यात ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असताना ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन!

हे जहाज मूळचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ चं पॅसेंजर लायनर. लांबी सुमारे १३९ मीटर, रुंदी साडेपंधरा, वेग १६ नॉट्स.

आता १:१०० स्केलचं मॉडेल करू. लांबी १३९ सेंटिमीटर, सोपं आहे. पण वजन घनाच्या हिशोबाने घटतं, म्हणजे दहा लाखावा भाग. आणि लाटा खऱ्यासारख्या उठायला हव्यात तर फ्राउडच्या नियमाने वेग वर्गमूळात, म्हणजे फक्त दहावा भाग. ताशी ३ किलोमीटर, कृष्णाकाठी रमतगमत चालण्याइतका!

डेक, धुरांडी, डोलकाठ्या हलक्या बाल्साच्या करा आणि शिसं तळाशी ठेवा. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मेटासेंटरच्या वर गेलं, की मॉडेल कितीही देखणं असो, कलंडलंच समजा.

खरी 'लॉयल्टी' १९२३ मध्ये भंगारात गेली. आता ती पाण्यावर पाहायची तर आपणच बनवायला हवी. मग, पुढच्या प्रोजेक्टला कोण येतंय?