मागे बसलेली बाई म्हणजे सामान नव्हे

आज आपण मोटारसायकलवर डबलसीट बसण्याबद्दल बोलणार आहोत. गटाचा हप्ता भरायला बँकेत जायचं असो, आठवडी बाजार असो, दवाखाना असो की माहेर. एसटीची वेळ जुळत नाही, मग नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर पोराच्या गाडीवर आपण मागे बसतो. चालवणाऱ्याला समोरचा रस्ता दिसतो आणि धरायला हँडल असतं. खड्डा आला की तो आधीच सावरतो. मागे बसलेलीला मात्र खड्डा कळतो तो दणका बसल्यावर. म्हणून नीट कसं बसायचं, हे आपणच शिकून घ्यायला हवं.

सगळ्यात आधी पदर आणि ओढणी. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये कापडाचं टोक गेलं, की चाक ते क्षणात गुंडाळून घेतं. पदर असेल तर बाई खाली ओढली जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर गळ्याला फास बसतो, मानेचं हाडसुद्धा मोडू शकतं. ब्रेक लावेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. म्हणून गाडीवर बसण्याआधीच पदर पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी गळ्यातून काढून कमरेला बांधायची, नाहीतर सरळ पिशवीत ठेवायची. शाल, बुरखा, रेनकोट यांचंही तसंच. बसल्यावर एकदा हाताने चाचपून बघायचं, काही लोंबत नाही ना?

चाकाच्या बाजूला जी जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. काही पोरं गाडी चांगली दिसत नाही म्हणून ती काढून टाकतात. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय, की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, धरायला पक्कं हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असावा. म्हणजे साडीगार्ड ही हौस नाही, नियम आहे. घरच्या गाडीला नसेल तर गॅरेजमध्ये बसवून घ्या.

आता बसायचं कसं? दोन्हीकडे पाय टाकून बसणं सगळ्यात सुरक्षित. दोन्ही पायांना आधार मिळतो, तोंड समोर राहतं, वजन मधोमध येतं. सलवार-कमीज असेल तर असंच बसावं. काष्टा घातलेल्या नऊवारीतही असं बसता येतं. आपल्या आज्या त्याच काष्ट्यात शेतातली सगळी कामं करायच्या. मग गाडीवर तसं बसायला लाज कसली? चढताना डाव्या बाजूने चढायचं. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, त्याला पोटरी लागली तर भाजते.

पाचवारी साडीत बऱ्याच जणी एका बाजूलाच बसणार, हे आम्हालाही माहीत आहे. मग निदान एवढं तरी पाळा. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ‘बस’ म्हटल्याशिवाय चढू नका. सीटच्या कडेवर न टेकता पूर्ण आत सरकून बसा. दोन्ही पाय पट्टीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका. उजवा हात चालवणाऱ्याच्या कमरेला, डावा हात मागच्या हँडलला. मांडीवर हात ठेवून बसलेली बाई स्पीडब्रेकरवर उडाली, तर ती पाठीवर पडते आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते.

दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पिशव्या हातात धरायच्या नाहीत, डिकीत ठेवा किंवा बांधून घ्या. पावसात छत्री तर अजिबात उघडायची नाही. वाऱ्याचा झोत आला की छत्री आपल्याला घेऊनच मागे जाते. रेनकोट घाला, नाहीतर थांबा. रात्री लग्नाहून परतताना डोळा लागत असेल तर गाडी थांबवायला सांगा, तोंडावर पाणी मारा, मगच पुढे निघा.

लेकरू बरोबर असेल तेव्हा धोका दुप्पट. एका बाजूला बसलेल्या बाईचे दोन्ही हात बाळाला धरण्यात गुंतले, की तिला स्वतःला धरायला काहीच उरत नाही. ती पडली तर बाळही पडतं. थोड्या मोठ्या मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, मग टाच चाकाच्या तारांत अडकते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलासाठी नियम आहे: मूल चालवणाऱ्याला पट्ट्याने, म्हणजे सेफ्टी हार्नेसने बांधलेलं हवं, नऊ महिन्यांच्या पुढच्या बाळाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हे जमत नसेल तर बाळाला घेऊन एसटीनेच जावं. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या.

हेल्मेट चालवणाऱ्यालाच लागतं असं नाही. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते लागतं. घेताना आयएसआयचा शिक्का बघा आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्याआधी रस्त्यावर पडतं. अंबाडा अडचण करत असेल तर सैल वेणी घाला.

चालवणाऱ्यालाही चार गोष्टी माहीत हव्यात. मागे माणूस बसलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून ब्रेक लवकर आणि हळू दाबायचा. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर जवळपास चौपट होतं. डबलसीटसाठी मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. कायद्याने मागे एकच माणूस बसवता येतो, ट्रिपल सीट चालत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती मोटारसायकल दिली, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतः स्कूटी चालवणाऱ्या मैत्रिणींनी आधी मोकळ्या मैदानात कुणाला तरी मागे बसवून सराव करावा.

पण मैत्रिणींनो, सगळ्यात अवघड गोष्ट आहे ती बोलण्याची. ‘हळू चालवा’ म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. रागावतील, हसतील, ‘भित्री आहेस’ म्हणतील. म्हणून निघण्याआधीच ठरवून घ्या: खांद्यावर दोनदा थोपटलं तर वेग कमी करायचा, तीनदा थोपटलं तर गाडी थांबवायची. वाऱ्यात आवाज पोचत नाही, हात पोचतो. आणि जो दारू प्यायला आहे त्याच्या मागे बसायचंच नाही, मग तो घरचा असो की पाहुणा. चालत जावं, शेजारणीकडे थांबावं, पण बसू नये. एकटीने नाही म्हणणं जड जातं. म्हणून आम्ही म्हणतो, हा विषय गटाच्या मासिक बैठकीत घ्या आणि ठराव लिहा. ‘आमच्या गटाचा नियम आहे’ असं घरी सांगणं सोपं जातं. हेल्मेटसाठी गटातून छोटं अंतर्गत कर्जही देता येईल.

एवढी काळजी घेऊनही कुठे अपघात दिसला, तर १०८ वर फोन करा. पडलेल्या माणसाची मान वळवू नका, ओढून बसवू नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलेलं आहे, घाबरू नका.

पुढच्या बैठकीला गाडीवर याल तेव्हा पदर खोचून, हेल्मेटचा पट्टा लावून या.